टोपली रिकामी पाठवायची नाही

काल दुपारी टॅब्लेटवर टिंग वाजलं. पाहिलं तर गावाकडून निरोप: 'तुमच्या अंगणातील झोका वर्षभर वापरलेला नाही. दोर कमकुवत झाला आहे. नवीन दोर लावा.' हे गाव म्हणजे टॅब्लेटमधलं, खेळातलं. मी म्हटलं, अरे बाबा, तुझा दोर राहू दे, इथे खऱ्या झोक्याचा दोर बांधून होत नाहीये. मागच्या अंगणात आमचे हे स्टुलावर चढून कडुनिंबाच्या फांदीला दोर बांधत होते. वय सदुसष्ट. मी खालून ओरडत होते, "अहो, गाठ दोनदा मारा. आणि पडलात तर मी धरणार नाही, माझा गुडघा नवा आहे."

"तुझा गुडघा नवा होऊन वर्ष झालं," हे वरून म्हणाले. "आता त्याला जुना म्हण."

आखाजी आठ दिवसांवर आली आहे. अक्षय तृतीया असं कॅलेंडरवर छापतात, पण आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. आखाजी म्हणजे लेकी माहेरी येणार, निंबाला झोके लागणार, आमरसाच्या पातेल्याभोवती माश्या घोंगावणार आणि पुरुष मंडळी पत्त्यांचा डाव मांडून बायकांची बोलणी खाणार. समोरच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, वाळत पडलेत. सकाळी त्यांच्या पिठाचा घाटा शिजतो तेव्हा तो वास थेट माझ्या खाटेपर्यंत येतो. गेल्या वर्षी याच वासात मी दोन महिने उताणी पडून होते, आणि त्या दोन महिन्यांत मला एक शेजारीण मिळाली, आणि माझ्याच हट्टापायी तिचं घर गेलं. दरवर्षी आखाजी आली की माझं मन बोदवडला माहेरी जायचं. यंदा ते त्या आळीत जातंय.

गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू नका, असं डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. जळगावचा उन्हाळा काही साधासुधा नाही. अकराला रस्ते सामसूम होतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला ओल शोधून पडतात. कूलरच्या वाळ्याचा वास, पंख्याचा कुरकुर आवाज आणि मी. हे जेवून दुसऱ्या खोलीत घोरायचे. पुस्तक धरलं की हात दुखायचे, टीव्ही लावला की डोकं दुखायचं. मी इतकी चिडचिडी झाले होते की दूधवालासुद्धा दूध ठेवून न बोलता पळायचा.

मंजू, माझी मुलगी, पुण्याहून बघायला आली. येताना नेहमीप्रमाणे पिशवीभर डबे घेऊन आली. सगळे रिकामे. लोणच्याचा, शेवेचा, चकलीचा, माझ्याचकडून गेलेले आणि घासूनपुसून परत आलेले. दरवेळी मी म्हणते, "अगं, निदान एकात मूठभर साखर तरी घालून आणावी. रिकामं भांडं परत देतात का कधी?" ती दरवेळी हसते आणि जाताना सगळे भरून नेते. त्या खेपेला मी खाटेवर, म्हणून डबे इथेच राहिले. तिनं माझ्या हातात हा टॅब्लेट दिला आणि तो खेळ लावून दिला. म्हणाली, "आई, हे एक गाव आहे. तुला एक घर मिळेल, थोडी जमीन मिळेल. पेरायचं, काढायचं, लोकांशी बोलायचं. पण एक शपथ घे. कुणाला खरं नाव सांगायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही, पत्ता तर मुळीच नाही." मी शपथ घेतली आणि अक्षरशः पाळली. आता वाटतं, कशाला एवढी शहाणी झाले मी!

खेळात नाव काय ठेवू, म्हणून मंजूनं विचारलं. मी म्हटलं, 'एक्स्चेंजवाली'. कारण माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, बोर्डाला भोकं आणि हातात वायरी. जळगावचं कुणी चोपड्याला बोलायचं म्हटलं की मी चोपड्याच्या ऑपरेटरला हाक द्यायची. चेहरा कधी पाहिला नव्हता तिचा, पण तिचा खोकला ओळखायचे. तिला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं होतं, तिच्या आवाजावरून. दिवसातून शंभरदा मी एकच वाक्य म्हणायची: "चालू आहे, बोला." आणि मग माझी वायर सोडून दुसऱ्यांच्या गप्पा जोडून द्यायची. तेव्हा न पाहिलेल्या माणसांशी मैत्री करायला मला कुणी खेळ शिकवण्याची गरज नव्हती.

गावात माझं घर मिळालं ते आळीच्या टोकाला. कौलारू, पुढे अंगण, मागे वावर, एक गाय. आळीत सहा जागा, त्यातल्या दोन घरांना कायम कुलूप. एका घरात कुणीतरी राहायचं, पण ते फक्त फुलाचं चित्र पाठवायचं, बोलायचं नाही. पहिले चार दिवस मी कांदे पेरले आणि काढले. अजून चार दिवस गेले असते तर मी कंटाळून तो टॅब्लेट पलंगाखाली ढकलला असता. पाचव्या दिवशी गावाच्या चौकात, जिथे सगळेच काही ना काही लिहायचे, एक ओळ दिसली: "कोनी शे का आठे?"

अहिराणी! इतक्या हिंदी-इंग्रजीच्या गर्दीत ती ओळ पाहून मी ताडकन उठायला गेले आणि गुडघ्यात अशी कळ आली की बस्स. लिहिलं, "आहे गं. मी जळगावची. तू कुठली?" तिकडून उत्तर आलं, "शिरपूरनी." तिचं खेळातलं नाव अबोली. मी तिला सांगितलं, माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, तिथे ये. ती आली. दोन दिवसांनी अशीच चौकातून चोपड्याकडचे एक केळीवाले नाना आले आणि समोरच्या जागेत राहायला लागले.

नाना खऱ्या आयुष्यातही केळीचेच शेतकरी. दुपारी शेतावरच्या खोलीत ऊन टाळत बसायचे आणि खेळातल्या शेतीवर तोंडसुख घ्यायचे. "हाई काय शेती शे ताई? तीन मिनिटमा कांदा! आनि केळी नहीच!" मी म्हणायची, "मग कशाला खेळता नाना?" ते म्हणायचे, "आठे गारपीट नही ना, म्हनीसन." हे त्यांनी हसत लिहिलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची बाग वादळात आडवी झाली होती, हे मला पुढे कधीतरी कळलं.

अबोली शाळांचे युनिफॉर्म शिवायची. जूनच्या आत शेकड्यांनी सदरे पूर्ण करायचे असतात, त्यामुळे एप्रिल-मे तिची कमाईची घाई. मशीन तापलं की ते अर्धा तास थंड व्हायला ठेवायची, आणि त्या अर्ध्या तासात गावात यायची. यायची वेळ साधारण चारची. "आत्ते चारनी चोपडा गाडी दुकानपुढे दोन हॉर्न मारी गई," असं लिहूनच ती उंबरठ्यावर यायची. मी आधीपासून अंगणात उभी असायचे. आमच्या दोन बाहुल्या समोरासमोर उभ्या राहायच्या, बाकी काही करायच्या नाहीत, आणि आम्ही बोलत राहायचो. आज कुठली डाळ शिजवलीस, खिशाला काज केलं का, उशाशी माठ ठेवतेस की फ्रीजचं पाणी पितेस, असलं सगळं. एप्रिलात जयंतीला ती दोन दिवस आली नाही. आधीच सांगून ठेवलं होतं तिनं, आमच्या गल्लीत मिरवणूक आहे. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून टोपली आली. त्यात दूध आणि साखर. खेळात खीर करता येत नाही, म्हणून तिनं लिहिलं होतं, "ही खीर समजा, अक्का."

आता टोपलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

खेळात शेजाऱ्याला टोपली पाठवता यायची. तिच्यात घालायची काहीतरी वस्तू, ती पोहोचली की शेजाऱ्यानं 'टोपली परत करा' असं बटण दाबायचं आणि रिकामी टोपली परत यायची. साधा हिशेब. अबोलीनं पहिल्यांदा टमाटे पाठवले तेव्हा मी बटणावर बोट नेलं आणि थांबले. रिकामी टोपली परत? माझ्या हातून? माझ्या आईनं शेजारची वाटी कधी रिकामी दिली नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर मीठ टाकायची, दोन कढीपत्त्याची पानं टाकायची. मी टोपलीत गूळ घातला. गूळ पोहोचला. आता टोपली अबोलीच्या दारात, आणि अबोलीही तसल्याच आईची लेक. तिनं कांदे घातले. मी मका घातला. तिनं दही. मी दह्याच्या बदल्यात लोणी पाठवलं.

मग काय, ती टोपली थांबेचना! एकदा सकाळी मी दात घासता घासता एक पाठवली, चहा ओतेपर्यंत परत आली. भरलेलीच. आम्हा दोघींनाही मजा वाटायची. आतून कुठेतरी मीठ-गुळापलीकडचं काही पाठवत असल्यासारखं वाटायचं. नानांनी एकदा लिहिलं, "तुम्हनी टोपली म्हंजे शटल गाडी व्हयी गई. उभीच राहत नही." मी त्यांना चिडून उत्तर दिलं, "तुम्ही पाठवून बघा एकदा, मग कळेल परत काय येतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक भोपळा पाठवला. मी त्यांच्या टोपलीत दोन घातले.

झोका हवा ही कल्पना माझी. गावाच्या बाजारात निंबाचं झाड आणि झोका मिळायचा, पण त्यासाठी गाईचं दूध साठवत राहावं लागायचं. आखाजी जवळ येत होती, मी खाटेला खिळलेली, मंजू सुट्टी संपवून पुण्याला परत गेलेली. बोदवडच्या माझ्या भावानं फोनवर सांगितलं, "अक्का, यंदा येऊ नकोस, गुडघा सांभाळ." बरोबरच होतं त्याचं. पण मला लहानपणची आखाजी आठवली. स्टेशनजवळच्या मोठ्या निंबाला लागलेला झोका, त्यावर उभ्या राहिलेल्या दोन लेकी आणि खाली उभं राहून आपली पाळी कधी येते म्हणून रडणारी मी. वाटलं, चला, खरा नाही तर खोटा तरी झोका बांधू. मी महिनाभर दूध साठवलं. झाड आणलं, झोका लावला. मग अबोलीला म्हटलं, "आखाजीला माहेरी जाणार असशील ना? जाण्याआधी एकदा बसून जा."

तिचं उत्तर यायला वेळ लागला. मला वाटलं, मशीन चालू झालं असेल. मग ओळ आली: "अक्का, मना भाऊ सुरतले गया. घर इकी टाकं. आखाजीले जावाले कोठेच नही."

माहेरचं घरच विकून टाकलं होतं तिच्या भावानं. आपण जीभ सैल सोडतो आणि समोरच्याला नेमकी तिथेच ठेच लागते. मी लिहिलं, "मग तू इथे ये. माझ्याकडे ये. या झोक्यावर आखाजीला पहिली तू बस. तुझ्याआधी मीसुद्धा बसणार नाही." ती म्हणाली, "खरंच ना? पहिला झोका मना, हां अक्का." मी म्हटलं, "तुझा." त्या दिवशी तिनं टोपलीतून आंबे पाठवले, मी त्यात पोळ्यांचं पीठ घातलं, तिनं तूप घातलं, मी साखर. आखाजीचा स्वयंपाक आम्ही टोपलीतून मांडत होतो. दिवसभर.

आखाजीला पाच दिवस राहिले होते. दुपारी जेवून टॅब्लेट उघडला तर पडद्यावर लाल चौकट. 'अनैसर्गिक देवाणघेवाण आढळली आहे. चौकशीपर्यंत तुमचे घर बंद ठेवण्यात येत आहे.' मी दोनदा वाचलं. मला आधी हसूच आलं. यंत्राला वाटलं होतं, आम्ही काहीतरी लबाडी करतोय. दोन बायका दिवसभर एकमेकींना टोपली पाठवतात, यात लबाडी नसेल तर काय असेल, असा त्याचा विचार. मंजूला फोन लावला. तिनं पुण्याहून काहीतरी केलं, माझ्या नावानं ईमेल पाठवलं, आणि दोन दिवसांनी माझं घर उघडलं.

मी आत गेले. गाय होती, वावर होतं, निंब होता, झोका होता. शेजारी अबोलीचं घर नव्हतं. तिथे सपाट गवत आणि एक पाटी: 'ही जागा उपलब्ध आहे.'

मंजूनं समजावलं. अबोलीनं कधी ईमेल दिलाच नव्हता, पाहुणी म्हणून खेळायला आली होती आणि पाहुणीच राहिली. पाहुण्यांची घरं बंद होत नाहीत, पुसली जातात. नवीन आली तरी वेगळ्या गावात, वेगळ्या आळीत जाईल. "आई, खेळ आहे तो," मंजू म्हणाली. मी तिच्यावर इतकी ओरडले की ह्यांचं घोरणं थांबलं. "तुझ्या शपथेपायी मी तिचा नंबर घेतला नाही! तिचं नाव मला माहीत नाही! अख्ख्या जिल्ह्याचे नंबर तोंडपाठ होते मला, आणि हा एक नाही!" फोन ठेवला आणि रडले. लहान मुलीसारखी रडले. तिला झोका देते म्हटलं होतं मी, माहेर देते म्हटलं होतं, आणि तिचं होतं ते घरही माझ्या गुळापायी गेलं. एकदा, फक्त एकदा रिकामी टोपली परत पाठवली असती तर काय बिघडलं असतं?

खेळवाल्यांना मी तक्रार लिहिली. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या. असं उत्तर मी दिलं असतं तर लोक एक्स्चेंजच्या दारात येऊन उभे राहिले असते.

नाना मात्र आळीत होते. चार वाजता ते माझ्या अंगणात आले, रोजच्यासारखे, आणि झोक्याकडे तोंड करून उभे राहिले. लिहिलं, "ताई, ती पोर कोठे गई?" मी सगळं सांगितलं. त्यांनी झोक्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "शिरपूरनी शे ना? दुकान कोठे शे, काही सांगं का तिनी?"

आणि माझ्या डोक्यात जुना बोर्ड पेटला. जळगावहून शिरपूरची लाईन लागत नसली की आम्ही काय करायचो? चोपड्याहून घ्यायचो. चोपड्याला सांगायचं, बाई, तू तुझ्या बाजूनं शिरपूर लावून दे. इथेही तसंच होतं की. अबोलीच्या दुकानापुढे चारची चोपडा गाडी दोन हॉर्न मारते. चोपड्याची गाडी, आणि नाना चोपड्याचे. मी शपथ मोडली. माझा फोन नंबर नानांना दिला. पाचव्या मिनिटाला फोन वाजला आणि एक घोगरा, केळीच्या बागेतला वारा सोबत घेऊन आलेला आवाज म्हणाला, "ताई, मी नाना बोली राहिनू."

नाना स्वतः शिरपूरला जाऊ शकत नव्हते. आखाजीला आमच्याकडे शेतीचं वर्ष सुरू होतं, सालगड्यांचे नवे करार होतात, त्यांना घर सोडता येत नव्हतं. "पन गाडीवाला बठ्ठा वळखीना शेतस," ते म्हणाले. त्या रस्त्यावरचे सगळे गाडीवाले त्यांच्या ओळखीचे. "मी ड्रायव्हरले पुशी ठेवस." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. ड्रायव्हरला जागा अचूक ठाऊक होती. एका शिलाईच्या दुकानापुढे रस्त्यात रोज एक गाय बसलेली असते, म्हणून तो दोन हॉर्न मारतो. पहिल्याला ती ऐकत नाही.

आखाजीला दोन दिवस होते. मी खाटेवरून उठले. काठी टेकत ओट्यापर्यंत गेले, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. हे म्हणाले, "वेडी झालीस का? कोण कुठली बाई!" मी म्हटलं, "रवा भाजायला घ्या." सांजोऱ्या म्हणजे रव्या-गुळाच्या भरलेल्या आणि तळलेल्या पुऱ्या. आमच्याकडे त्यांच्याशिवाय आखाजी होत नाही, आणि चार दिवस टिकतात. रवा ह्यांनी भाजला, गूळ ह्यांनी किसला, लाटल्या मी, बसून. मंजूच्या आलेल्या रिकाम्या डब्यांतला मोठा स्टीलचा डबा घेतला आणि काठोकाठ भरला. वर चिठ्ठी ठेवली. तिच्यात माझं नाव, माझा नंबर आणि एकच ओळ: 'पहिला झोका तुझाच आहे. – तुझी अक्का'

डबा बांधायचा म्हटल्यावर ह्यांनी माझ्या हातातून फडकं काढून घेतलं. "तुला नाही येत. सरक." ह्यांचं कॉलेज जळगावला झालं तेव्हा सहा वर्षं रोज ह्यांच्या गावाहून एस.टी.नं डबा यायचा. चार टोकं अशी बांधायची की गाठ सुटायला नको आणि झाकणही हलायला नको. ती गाठ पन्नास वर्षांनी ह्यांच्या बोटांना आठवली. वर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली आणि शाईनं पत्ता लिहिला: 'अबोली, युनिफॉर्म शिवणारी, शिरपूर. जिथे गाय बसते आणि चारची गाडी दोन हॉर्न मारते.' असला पत्ता लिहिताना ह्यांनाही हसू आवरेना. मग स्वतः स्टँडवर गेले आणि नऊच्या चोपडा गाडीत कंडक्टरच्या हवाली करून आले. पुढचं नानांनी केलं. दुपारी त्यांचा फोन आला, चारला तिच्या दुकानापुढून जाणाऱ्या गाडीवर डबा चढला.

नंतर मी वाट पाहिली.

आखाजीच्या दिवशी ह्यांनी आमरस केला, पातळच झाला. घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पितरांना नमस्कार केला. चार वाजता मी खेळातल्या अंगणात जाऊन उभी राहिले. झोका होता, वारा नसतानाही हलत होता, खेळात तो तसा हलतोच. नाना आले, फुलवाल्या मुक्या शेजाऱ्यानंही एक फूल पाठवलं. त्या फुलाची टोपली मी मीठ घालून परत केली, यंत्र गेलं खड्ड्यात. बाहेर फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनात नाही नाही ते यायला लागलं. चुकीच्या बाईला दिला असेल. घर गेलं म्हणून रागावली असेल. किंवा तिला वाटलं असेल, एका खेळातल्या बाईनं एवढं गळ्यात का पडावं?

चौथ्या दिवशी सकाळी नानांचा फोन. "ताई, डबा उना. तुम्हना गाडीवर ठेवी दिना. मी उघाडा नही." हे स्टँडवर गेले आणि डबा घेऊन आले. माझंच फडकं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. माझीच गाठ, म्हणजे ह्यांची, तशीच बांधलेली. मी ओट्यावर ठेवला. हातात घेतानाच कळलं होतं, पण तरी झाकण उघडलं.

रिकामा. घासलेला, पुसलेला, कोरडा. चिठ्ठी नाही, चिमूट मीठ नाही, कढीपत्त्याचं पानसुद्धा नाही.

मला लागलं ते. इतक्या टोपल्या पाठवल्या आम्ही, खेळातल्या खोट्या टोपल्या, आणि तिनं एकही कधी रिकामी पाठवली नव्हती. आता खरा डबा गेला तर रिकामा आला! म्हणजे संपलं. नको म्हणून सांगायची हीच रीत असेल. मी डबा उलटा करून फडताळात ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "बरोबर होतं तुमचं. कोण कुठली बाई." हे उठून चहा टाकायला गेले. एरवी बरोबर ठरले की तीन दिवस बोलून दाखवतात.

संध्याकाळी चारला फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर मागे मशीनचा खडखड आवाज, तो थांबला, आणि लांबून गाडीचे दोन हॉर्न ऐकू आले. मी खाटेच्या कडेला बसले.

"अक्का?" आवाज मी समजले होते त्यापेक्षा तरुण होता. "डबा पोचना का?"

"पोहोचला," मी म्हटलं. माझा आवाज कडक झाला होता, तो मला आवरला नाही. "रिकामा पोहोचला. रिकामं भांडं परत पाठवतात का गं?"

मग ती हळूच म्हणाली, "शेजारनले रिकामं भांडं देतस नही, ते माले माहीत शे, अक्का. पन माहेरले डबा रिकामाच लई जातस ना? मंग माय भरी देस."

माझ्या डोळ्यांपुढे मंजूची पिशवी आली. लोणच्याचा, शेवेचा, चकलीचा. घासून, पुसून, कोरडे. इतकी वर्षं मी तिच्यावर खेकसत आले, आणि मला कधी कळलंच नव्हतं ती काय घेऊन येते ते. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले मी, आणि माझी स्वतःची लाईन लागली तेव्हा माझ्याकडे बोलायला आवाज नव्हता.

"हॅलो?" ती घाबरली. "अक्का? लाईन गई का?"

"नाही गं," मी म्हटलं. "चालू आहे. बोल."